भाड्याच्या कपड्यांची मासिक वर्गणी: ठाणे, नवी मुंबईतून नेहमी येणारे प्रश्न

मी पाचपाखाडीला राहते आणि रोज ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला ऑफिसला जाते. गेली दोन वर्षं माझ्या कपाटातला एक कप्पा भाड्याच्या कपड्यांवर चालतो. सोसायटीतून, लेडीज डब्यातून, मैत्रिणींच्या मैत्रिणींकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. जिथे 'समजा' म्हटलंय तिथले आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून आहेत. प्रत्यक्ष दर ज्याच्या त्याच्याकडे वेगळे असतात.

हे नेमकं काय असतं? लग्नाचा शालू भाड्याने आणतो तसंच का?

तसं नाही. शालू, शेरवानी, गॅदरिंगचा फॅन्सी ड्रेस आपण एका कार्यक्रमापुरता आणतो, भाडं देतो, अनामत परत घेतो, विषय संपतो. वर्गणीत दर महिन्याला ठरलेली रक्कम जाते आणि ठरावीक संख्येचे कपडे तुमच्याकडे राहतात. ते परत केले की दुसरे येतात. अशी अदलाबदल काही ठिकाणी महिन्यातून एकदाच करता येते, काही ठिकाणी जास्त वेळा. धुलाई बहुधा त्यांच्याकडेच असते. न्यूयॉर्कच्या 'रेंट द रनवे'ने २००९ मध्ये पार्टीचे ड्रेस एकेक करून भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये मासिक वर्गणी आणली. तिथून भाड्याचा कपडा पार्टीतून रोजच्या ऑफिसात आला.

दर महिन्याला पैसे भरायचे आणि कपडे परतच द्यायचे. मग हातात काय राहतं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. याचं उत्तर हिशेबाने देता येतं.

समजा वर्गणी १,८०० रुपये आहे आणि महिन्याला ६ कपडे मिळतात. प्रत्येक कपडा दोनदा घातलात तर १२ वेळा वापर झाला, म्हणजे एका वेळेला १५० रुपये पडले. पण सहातले चारच घातले, तेही एकेकदा, तर तोच आकडा ४५० वर जातो. अशा महिन्यात तुम्ही तोट्यात आहात.

आता विकतच्या कपड्याकडे बघा. १,२०० रुपयांचा सुती कुर्ता वर्षभरात ४० वेळा घातला तर एका वेळेला ३० रुपये पडतात. वर्गणी त्याच्या जवळपासही येत नाही. उलट ४,५०० रुपयांची अनारकली दोनदा घालून कपाटात गेली, तर एका वेळेचे २,२५० रुपये झाले.

मी एकच भागाकार करते. कपड्याची किंमत भागिले १५०. कुर्त्याचं उत्तर येतं ८. तो कुर्ता मी आठपेक्षा जास्त वेळा घालणार असेन तर विकत घेते, कमी वेळा घालणार असेन तर भाड्याने. तुमच्या वर्गणीत १५० च्या जागी जो आकडा येईल तो घाला, पण प्रामाणिकपणे घाला. 'या महिन्यात सगळे घालीनच' असं धरून केलेला हिशेब नेहमी चुकतो.

मग कपाटातलं काय भाड्याने घ्यावं आणि काय नाही?

वर्गणी घेण्याआधी एक महिना रोज काय घातलं ते कॅलेंडरवर लिहा. मी लिहिलं तेव्हा लक्षात आलं की २२ दिवसांत मी तेच नऊ कपडे आलटूनपालटून घालत होते आणि कपाट मात्र ओसंडून वाहत होतं. ते नऊ कपडे माझे स्वतःचे आहेत आणि राहतील. मला कंटाळा यायचा तो आठवड्यातल्या एखाद-दोन दिवसांचा. क्लायंट येणार, टीमचं जेवण, कुणाचा साखरपुडा, अशा वेळी आपण घाईत काहीतरी विकत घेतो आणि ते पडून राहतं. वर्गणी लावायची ती नेमक्या या जागेसाठी.

अंतर्वस्त्रं, लेगिंग्ज, घरातले कपडे भाड्याने घेऊ नका. चपला-बूटही नकोत, ते दुसऱ्याच्या पायाचा आकार घेतात. ब्लाउजचं वेगळं आहे, ते मापाच्या प्रश्नात पाहा.

दुसऱ्याने घातलेले कपडे अंगाला लावायचे, किळस नाही येत? त्वचेचं काही झालं तर?

किळस येत असेल तर ती दाबून टाकू नका. काहीजणींना हे कधीच जमत नाही आणि त्यात चूक काही नाही. मला स्वतःला पहिले दोन आठवडे लागले. मोठ्या बहिणीचे फ्रॉक घालूनच आपण वाढलो, हे आठवल्यावर सोपं झालं.

त्वचेचं मात्र नीट समजून घ्या. खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर साधारण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत आणि ५० अंशांच्या वर दहा मिनिटं तापवलं तर मरतात. गजकर्णाची बुरशी जास्त चिवट असते. तिच्यासाठी ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याची धुलाई लागते. आपल्या दमट हवेत गजकर्ण लवकर पसरतं, म्हणून सेवेला विचारायचा पहिला प्रश्न हा: कोणते कपडे गरम पाण्यात धुता आणि कोणते ड्रायक्लीन करता? गोलगोल उत्तर आलं तर मी तिथे पैसे भरत नाही.

पार्सल उघडल्यावर कपडा उलटा करून काखेची आणि गळ्याची शिवण बघा आणि वास घ्या. ड्रायक्लीनचा उग्र वास येत असेल तर खिडकीपाशी काही तास वाऱ्यावर टांगा. सुगंधी साबणाची ॲलर्जी असेल तर आधीच कळवा.

आणि तुम्हालाच खरूज किंवा गजकर्ण झालं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत वर्गणी थांबवा. आपल्यानंतर तो कपडा दुसरी कुणीतरी घालणार असते.

लोकलच्या गर्दीत हे कपडे टिकतात का?

कापड बघून घेतलं तर टिकतात. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि वास धरून ठेवतं. सकाळी ८:४० च्या गाडीतून उतरेपर्यंत ते अंगाला चिकटलेलं असतं. सुती, लिनन, व्हिस्कोस, मोडाल यांतलं काही निवडा. लिनन चुरगळतं, पण ते चुरगळलेलंही बरं दिसतं. गळ्याला लोंबणारी लेस, मागे बांधायचे लटकन, लांब बाह्या, जाळीची ओढणी हे सगळं दरवाज्यात किंवा कुणाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकतं. असा कपडा घ्यायचाच असेल तर गुंडाळून बॅगेत न्या आणि ऑफिसात बदला. अडकून फाटलाच तर काय करायचं ते पुढे आहे.

माप कसं कळणार? 'एम' मागवला की कधी सैल येतो, कधी दंड अडकतात.

अक्षरावर विसंबू नका, इंच बघा. तुम्हाला नीट बसणारा स्वतःचा एक कुर्ता पलंगावर पसरा आणि छाती, खांदा, कंबर, बाहीचा घेर, उंची मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. अंग मोजण्यापेक्षा कपडा मोजलेला बरा, कारण त्यात तुम्हाला लागणारा सैलपणा आधीच धरलेला असतो. दंड अडकण्याची तक्रार बहुतेक वेळा बाहीच्या घेराची असते आणि नेमकं तेच माप तक्त्यात नसतं. विचारून घ्या.

थोडा सैल कपडा आला तर आतून धावदोऱ्याचा कच्चा टाका घालता येतो, पण परत करण्याआधी तो उसवावा लागतो. मशीनची टीप मारू नका, नाजूक कापडावर सुईची भोकं राहतात. घट्ट कपडा सैल करायला आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, आहे का ते बघायचा मोह होईल, पण भाड्याच्या कपड्याची माया उसवणं म्हणजे कपडा बदलणं झालं. त्याचे पैसे लागतात.

साडीचं ब्लाउज मापाचं मिळणं अवघड. काळं, सोनेरी आणि मरून अशी तीन साधी ब्लाउजं स्वतःची शिवून ठेवा. अर्ध्याअधिक साड्या त्यांवर निभावतात.

डाग पडला तर किती पैसे कापतात? घरी धुऊन बघावं का?

घरी धुऊ नका. याचं कारण हळदीचा डाग सगळ्यात चांगलं समजावतो. हळदीतला रंग साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात लाल होतो. पिवळा ठिपका घासून घासून लाल केला की तो लपवल्यासारखा दिसतो आणि धुणाऱ्याचं काम वाढतं. सुती कपड्यावरची हळद उन्हात फिकी होते, पण भाड्याची रेशमी साडी उन्हात टाकाल तर तिचा मूळ रंगही उडेल.

मामलेदारच्या मिसळीची तर्री कुर्त्यावर सांडली असं धरा. टिपकागद किंवा कोरडा रुमाल दाबून तेल टिपा, चोळू नका. वर टाल्कम पावडर भुरभुरवा, पंधरा मिनिटांनी झटका. मग फोटो काढा, त्याच दिवशी कळवा आणि परत पाठवताना डागाजवळ 'तेल, तर्री' अशी चिठ्ठी टाचा. कशाचा डाग आहे हे धुणाऱ्याला कळलं तर तो निघण्याची शक्यता बरीच वाढते. चांगल्या सेवा असे नेहमीचे डाग वर्गणीत धरतात. कोणते धरतात आणि कोणते नाही, हे पैसे भरण्याआधी वाचा.

जरीच्या कपड्यावर अत्तर किंवा परफ्युम फवारू नका, जर काळी पडते. तो डाग नसतो, नुकसान असतं.

फाटलं, उसवलं, बटण गेलं तर?

शिवण उसवणं आणि बटण तुटणं सहसा वापरातली झीज म्हणून धरतात. कापड फाटणं धरत नाहीत. तुटलेलं बटण सापडलं तर पिशवीत घालून परत पाठवा. पदराला पिन लावताना पिनेत आधी एक मणी ओवा, म्हणजे कापड पिनेच्या वेटोळ्यात अडकत नाही. गंजकी पिन तर अजिबात नको. कपडा आला तेव्हाचा आणि परत करतानाचा, दोन्ही वेळचे फोटो काढायची सवय ठेवा. डिपॉझिटच्या वादात त्यांचाच उपयोग होतो.

पावसाळ्यात वर्गणी चालू ठेवावी का?

मी जून अखेर ते ऑगस्ट थांबवते. रोज सलवार पोटरीपर्यंत भिजते, स्टेशनबाहेरचा चिखल उडतो, आणि बंद पिशवीत दोन दिवस राहिलेल्या ओलसर कपड्याला कुबट वास लागतो. या काळात काळी पँट, छोटा कुर्ता आणि पटकन वाळणारं स्वतःचं काहीतरी बरं. थांबवायची सोय नसलेली वर्गणी मी घेतच नाही.

चालूच ठेवायची असेल तर आखूड कपडे घ्या आणि परतीची पिशवी बांधण्याआधी कपडा पंख्याखाली पूर्ण वाळू द्या.

पार्सल वॉचमनकडे ठेवलं आणि मिळालंच नाही. जबाबदारी कुणाची?

तुमच्या हातात येईपर्यंत ती पाठवणाऱ्याची असते. पण 'गेटवर ठेवा' अशी सूचना तुम्हीच दिली असेल तर वाद तुमच्या अंगावर येतो. परतीच्या वेळी हे आणखी महत्त्वाचं. पिकअपवाल्या दादांकडून पावती किंवा ॲपवर 'मिळाले'ची नोंद झाल्याशिवाय पिशवी हातातून सोडू नका. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्या मैत्रिणींचा अनुभव असा की संध्याकाळचे पिकअप ट्रॅफिकमुळे हमखास पुढे ढकलले जातात. परतीच्या शेवटच्या तारखेच्या आधी दोन दिवस हातात ठेवा.

नवरात्रीच्या नऊ रंगांसाठी वर्गणी घेतली तर?

कल्पना मोहात पाडणारी आहे, कारण त्या नऊ दिवसांत अख्खा डबा एका रंगाचा दिसतो आणि आपण वेगळ्या रंगात नको वाटतो. पण त्याच दिवशी तोच रंग सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून ऐनवेळी हवा तो रंग हव्या त्या मापात मिळत नाही. रंग दरवर्षी बदलतात. यादी आली की आधी स्वतःचं कपाट तपासा. माझ्याकडे सहा रंग निघाले. उरलेले तीन आम्ही मजल्यावरच्या चौघीजणी आपापसांत ओढण्या आणि साड्या बदलून भागवतो. त्यातूनही एखादा राहिला तर तेवढाच भाड्याने.

पाडव्याला, दिवाळीला नव्या कपड्याची घडी मोडायची असते. भाड्याचं चालतं का?

घडी मोडायची ती स्वतःच्याच कपड्याची, असं मला मनापासून वाटतं. त्या दोन सणांना मी काहीतरी नवं घेते, मग तो साधा सुती कुर्ता का असेना. पाडव्याच्या सकाळी कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेत नेसायची शिवलेली नऊवारी मात्र भाड्याची असते. तिथे भागाकार लगेच पटतो, कारण ती वर्षातून एकदाच लागते. पाडव्याच्या आठवड्यात नऊवारी मिळत नाही, तीन-चार आठवडे आधी सांगून ठेवा. संक्रांतीच्या काळ्या साडीचंही तसंच. काळी साडी एरवी सणाला नेसत नाहीत आणि जानेवारीत सगळ्यांना एकदमच हवी असते.

घरच्या पूजेला सोवळ्याचं बंधन असेल तर भाड्याचा कपडा नको. वडीलधाऱ्यांचं मन दुखवून काही मिळत नाही.

गणपतीला दहा दिवस कोकणात चाललोय. परतीची तारीख मध्येच येते.

जाण्याआधी परत करा आणि तो महिना थांबवा. गावाहून कुरिअर करण्याच्या भानगडीत पडू नका. कपडे सोबत न्यायचेच असतील तर मुदत वाढवून मिळते का ते लेखी विचारून घ्या. परदेशी नेण्याबाबत अटी आणखी कडक असतात, तेही आधीच विचारा.

पाचवा महिना लागलाय. एकही कुर्ता बसत नाही. घेऊ का?

घ्या. माझ्या मते वर्गणीचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे. पोट महिन्यागणिक वाढतं, आज घेतलेला कपडा दोन महिन्यांत लहान होतो आणि बाळंतपणानंतर तो पुन्हा लागत नाही. भागाकारातला 'किती वेळा घालणार' हा आकडा इथे खरंच लहान असतो. छातीखाली चुणी असलेले, पुढून उघडणारे कुर्ते मागा, ते नंतर दूध पाजतानाही चालतात. ड्रायक्लीनचे कपडे या काळात नकोत, वास सहन होत नाही. पाण्यात धुतलेलेच मागून घ्या. डोहाळजेवणाची हिरवी साडी मात्र माहेरहून येऊ द्या.

पुरुषांना आणि मुलांना उपयोग आहे का?

पुरुषांना ब्लेझर आणि जोधपुरीपुरता, तोही वर्गणीने नको, एकेका वेळेचं भाडं पुरे. मुलांचे कपडे इतक्या लवकर लहान होतात की चुलत-मावस भावंडांत फिरवणंच स्वस्त पडतं. तान्ह्या बाळाला जुने, धुऊन मऊ झालेले कपडे घालायची रीत आपल्या अनेक घरांत आहेच.

पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात. ॲप काढून टाकलं तरी कापले. बंद कसे करू?

ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. आधी ॲपमध्ये किंवा ईमेलने वर्गणी रद्द करा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मग यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मंजुरी रद्द करा. कार्डाने भरत असाल तर बँकेकडून रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा नेहमीच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून त्या सूचनेचा मेसेज न वाचता पुसू नका.

घेणं एका बोटाने आणि सोडणं दहा पायऱ्यांनी, अशी रचना मुद्दाम करणं चूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नबद्दलच्या (ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांबद्दलच्या) मार्गदर्शक सूचनांत वर्गणीच्या अशा सापळ्याचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा.

डिपॉझिट परत देत नाहीत. 'आधीपासून फाटलेलं' हे सिद्ध कसं करायचं?

माझं एकदा असंच झालं. ओढणीची कड उसवलेलीच आली होती, मी कंटाळा करून कळवलं नाही आणि ८०० रुपये गेले. तेव्हापासून पार्सल उघडल्याबरोबर फोटो काढून लगेच पाठवते.

आधी सेवेला लेखी तक्रार करा, फोटो जोडा, उत्तराला मुदत द्या. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. तिथे बहुतेक गोष्टी बोलण्यातून सुटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लावणं बंधनकारक नाही.

परत द्यायचं जिवावर येतंय, तोच कपडा विकत घेऊ?

आठ वेळांचा हिशेब पुन्हा करा. शिवाय तो कपडा आधी किती जणींनी घातलाय ते विचारा आणि किंमत त्यानुसार उतरली आहे का ते पाहा. मी दोन वर्षांत असे तीन कपडे घेतले. तिन्ही सुती, तिन्हींना खिसे.

भाड्याने घेणं पर्यावरणासाठी चांगलं, हे खरं ना?

आपोआप चांगलं नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एका जीन्सच्या आयुष्याचे पाच मार्ग तुलनेसाठी घेतले, त्यात भाड्याने फिरवण्याचा मार्ग तापमानवाढीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट निघाला. कारण होतं ने-आण करताना होणारा प्रवास. कमी कार्बनची वाहनं धरली तर चित्र सुधारत होतं. सगळ्यात बरा मार्ग होता आहे तोच कपडा जास्त दिवस वापरण्याचा. त्यामुळे मी एकेक कपडा मागवत नाही, महिन्याला एकदाच सगळे बदलते. आणि भाड्याने घेऊनही गोखले रोडवरची खरेदी तितकीच चालू असेल, तर काहीच वाचलेलं नाही, ना पैसे ना पाणी.

आईच्या वीसेक साड्या पडून आहेत. त्या सोडून भाड्याने कशाला?

बरोबर आहे, आधी त्याच काढा. अडतं ते ब्लाउजपाशी, त्याचा उपाय मापाच्या प्रश्नात दिलाय. साड्यांच्या घड्या दर तीन-चार महिन्यांनी बदला, नाहीतर जर घडीवर चिरते. फॉल सुटला असेल तर लावून घ्या. जिथे कापड विरलंय त्या साडीचा कुर्ता शिवता येतो, फक्त आत अस्तर लावा. माझ्या आईच्या हातमागाच्या दोन साड्या दिवाळीनंतरच्या थंडीत ऑफिसला नेसायला उत्तम आहेत. त्या काढते, त्या महिन्यात वर्गणी थांबवते.